शेजारी व्यापारसंघांतून निघाला : आयर्लंडच्या शेतकऱ्याचा अनुभव

शेतकऱ्याच्या मालाचा भाव केवळ पाऊस, पीक व गांवचा बाजार यांवर ठरतो, असें मानण्याचा काळ आतां मागें पडला आहे. शेंकडों कोसांवरील एखाद्या राजधानींत लोकांनीं मत दिलें, किंवा दोन सरकारांनीं एखाद्या कागदावर सही केली, म्हणजे त्याचा परिणाम गोठ्यांतल्या दुधाच्या भावापर्यंत येऊन पोंचतो. हा परिणाम कोणत्या वाटेनें येतो, कोणास आधीं लागतो व त्यांतून निभावून जाण्यास काय करावें लागतें, हें समजण्यास आयर्लंड देशाचें उदाहरण फार उपयोगी आहे. हा देश लहान आहे, शेती व गुरें हा तेथील जुना धंदा आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा शेजारी व जुना गिऱ्हाईक जो ब्रिटन, तो २०२० सालीं युरोपीय संघांतून बाहेर पडला. आयर्लंड मात्र संघांतच राहिला. या घटनेंत आयर्लंडनें स्वतः कांहींच केलें नव्हतें. तरीही तिची झळ त्यास लागली. म्हणून या अनुभवाचा विचार आमच्या वाचकांपुढें थोडा विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

१. व्यापारसंघ म्हणजे काय ?

व्यापारसंघाच्या तीन पायऱ्या ध्यानांत ठेवाव्या. पहिली पायरी म्हणजे आपापसांतील जकात माफ करणें. दुसरी म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांनीं मिळून एकच जकात बसविणें. असें केलें म्हणजे परक्याचा माल कोणत्याही बंदरांत उतरला तरी फरक पडत नाहीं, व संघाच्या आंत जकातनाक्याची जरुरी राहात नाहीं. तिसरी व सर्वांत वरची पायरी म्हणजे मालाविषयींचा कायदा एकच करणें. दूध किती स्वच्छ असावें, मांस कसें तपासावें, बेण्यास कोणता दाखला असावा, फवारणीच्या औषधाचा अंश फळांत किती चालेल, हे सर्व नियम एकच असले, म्हणजे एका देशांत तपासलेला माल दुसऱ्या देशांत पुन्हा तपासावा लागत नाहीं.

सामान्य मनुष्य जकातीकडेच पाहातो. परंतु शेतमालाच्या बाबतींत तिसरी पायरीच अधिक महत्त्वाची आहे. जकात ही रोख रकमेची गोष्ट असते व ती हिशेबांत धरतां येते. तपासणीकरितां बंदरावर एक दिवस खोळंबलेलें दूध किंवा मांस यांचा मात्र हिशेब मांडणें कठीण. तो माल नासतो, आणि नासला नाहीं तरी गिऱ्हाईकाचा विश्वास उडतो.

आयर्लंड व ब्रिटन हे दोन्ही देश १ जानेवारी १९७३ रोजीं एकाच दिवशीं या संघांत शिरले. १९९३ पासून संघाचा एकच बाजार सुरू झाला, व तेव्हांपासून या दोन देशांमधील जकातनाके उठले. सुमारे अठ्ठावीस वर्षें आयर्लंडचा व्यापारी लंडनला माल पाठवितांना जणूं शेजारच्या तालुक्यास पाठवितों आहों असें समजून पाठवीत असे.

२. एकाच गिऱ्हाईकाचा जुना इतिहास

आयर्लंडच्या शेतकऱ्यास ब्रिटनवर अवलंबून राहण्याचा धोका यापूर्वींही एकदां चांगलाच कळला होता. १९२२ सालीं आयर्लंडच्या २६ परगण्यांचें स्वतंत्र राज्य झालें व उत्तरेकडील ६ परगणे ब्रिटनकडे राहिले. त्या वेळीं नव्या राज्याच्या निर्यातीपैकीं शेंकडा ९० हून अधिक माल ब्रिटनच्या ताब्यांतील मुलखांतच जात असे, व त्यांत जिवंत गुरें ही मुख्य बाब होती.

पुढें १९३२ सालीं तंटा उपस्थित झाला. जुन्या इंग्रजी अमलांत आयर्लंडच्या कुळांना जमीनदारांपासून जमिनी विकत घेतां याव्या म्हणून सरकारनें कर्जें दिलीं होतीं, व त्यांचे वार्षिक हप्ते लंडनला भरावे लागत. डी व्हॅलेरा यांच्या सरकारनें हे हप्ते लंडनला पाठविण्याचें बंद केलें. ब्रिटननें उलट आयरिश गुरांवर व इतर शेतमालावर शेंकडा २० जकात बसविली व पुढें ती वाढविली. आयर्लंडनें इंग्रजी कोळसा, सिमेंट वगैरे मालावर जकात बसवून उत्तर दिलें. परिणाम असा झाला कीं, आयर्लंडमध्यें गुरांचे भाव कोसळले. वासरूं वाढविण्यास येणारा खर्चही निघेना, म्हणून वासरें मारून त्यांच्या कातड्यावर सरकारी बक्षीस देण्याची पाळी आली. हप्त्यांचा बोजा १९३३ सालीं निम्मा करण्यांत आला, हें खरें; परंतु तो डब्लिनच्या तिजोरींत भरावाच लागे, आणि हप्त्यांत जें वांचलें त्याहून पुष्कळ अधिक अनेकांनीं गुरांच्या भावांत गमाविलें. १९३५ सालीं कोळशाच्या बदल्यांत गुरें घेण्याचा करार झाल्यावर थोडी उसंत मिळाली, व १९३८ सालीं १ कोटी पौंड एकरकमी देऊन तंटा मिटला.

या सहा वर्षांचा धडा असा कीं, दोन सरकारांच्या भांडणांत ज्याचा माल नाशवंत व ज्याचा गिऱ्हाईक एकच, तो आधीं मरतो. कोळसा खाणींत राहूं शकतो; म्हातारें होत चाललेलें जनावर गोठ्यांत उभें राहून रोज चारा खातें.

संघांत शिरल्यावर ही स्थिति सावकाश पालटली. १९७३ च्या सुमारास आयर्लंडच्या निर्यातीपैकीं निम्म्याहून अधिक माल ब्रिटनला जात होता. २०१६ च्या सुमारास तो हिस्सा सातव्या भागापर्यंत उतरला, कारण मधल्या काळांत औषधें, यंत्रें इत्यादि नवे धंदे आयर्लंडांत वाढले व त्यांचा माल अमेरिकेस व युरोपांत जाऊं लागला. परंतु हा सर्व देशाच्या सरासरीचा आंकडा झाला. शेती व खाद्यपदार्थ यांपुरतें पाहिलें तर शेंकडा ४० च्या आसपास माल अजूनही ब्रिटनलाच जात होता. गोमांसाचा निम्म्याच्या आसपास भाग, चेडर चीजचा बराच मोठा भाग व अळंबीचा शेंकडा ८० भाग त्या एकाच बाजारांत खपत होता. सरासरीकडे पाहून देश निर्धास्त झाला असता, तरी शेतकऱ्यास निर्धास्त होण्याचें कारण नव्हतें.

३. पहिला तडाखा : हुंडणावळ

२३ जून २०१६ रोजीं ब्रिटनमध्यें सार्वमत घेण्यांत आलें, व शेंकडा ५१.९ लोकांनीं संघ सोडण्याच्या बाजूनें मत दिलें. प्रत्यक्ष बाहेर पडण्यास अजून साडेतीन वर्षें अवकाश होता. जकात एका पैचीही वाढली नव्हती, व बंदरावर एकही नवा शिपाई उभा राहिला नव्हता. तरी आयर्लंडमधील शेतकऱ्यास पहिला तडाखा त्याच उन्हाळ्यांत बसला, आणि तो हुंडणावळीच्या दरांतून बसला.

आयर्लंडचें चलन यूरो व ब्रिटनचें पौंड. मतदानापूर्वीं एका यूरोस सुमारे ७६ पेन्स मिळत. ऑक्टोबर महिन्यांत हा दर ९० पेन्सांच्या घरांत गेला, म्हणजे पौंड तितका स्वस्त झाला. अळंबी पिकविणाऱ्याचें उदाहरण घेऊं. त्याचा सौदा ब्रिटनच्या मोठ्या दुकानदारांशीं पौंडांत ठरलेला असतो, व मजुरी, खत, वीज हा खर्च यूरोंत होतो. एक पौंडाच्या मालाचे पूर्वीं त्यास सुमारे १ यूरो ३२ सेंट मिळत. तेच आतां १ यूरो ११ सेंट मिळूं लागले. म्हणजे भाव तोच राहून हातीं येणारी रक्कम सुमारे सहाव्या हिश्श्यानें घटली. अळंबीच्या धंद्यांत नफा मुळांतच थोडा. अळंबी तोडल्यावर ती थांबवून ठेवतां येत नाहीं, व दुकानदार भाव वाढवून देण्यास तयार होत नाहीं. तेव्हां २०१६ सालींच कित्येक अळंबी उत्पादकांना धंदा बंद करावा लागला.

यावरून हें ध्यानांत येईल कीं, शेजाऱ्याच्या निर्णयाचा परिणाम तो निर्णय अमलांत येण्यापूर्वींच सुरू होतो. बाजार पुढचें पाहून चालतो. ज्याचा खर्च एका चलनांत व विक्री दुसऱ्या चलनांत, त्यानें चलनाच्या चढउतारास पावसाच्या लहरीइतकेंच जपलें पाहिजे.

४. न आलेली जकात व आलेले कागद

पुढील चार वर्षें आयर्लंडच्या शेतकऱ्यांनीं मोठ्या चिंतेंत काढलीं. ब्रिटन कांहींच करार न करितां बाहेर पडला तर दोहोंमध्यें परक्या देशांप्रमाणें जकात बसणार होती. संघाच्या जकातपत्रकांत बाहेरून येणाऱ्या चेडर चीजवर टनास १,६७१ यूरो जकात आहे. ब्रिटननें तीच आपल्या बाजूनें चालू ठेविली असती, तर ती मालाच्या किंमतीच्या निम्म्याच्या घरांत गेली असती. गोमांसावरील जकात तर याहूनही जड होती. अशा जकातीखालीं तो व्यापार जवळ जवळ बंदच पडला असता. या अनिश्चिततेमुळें मांसाचे भाव उतरले, तेव्हां २०१९ सालीं संघाकडून ५ कोटी व आयर्लंड सरकारकडून ५ कोटी मिळून १० कोटी यूरोंची मदत गुरें पाळणाऱ्यांकरितां मंजूर करावी लागली.

३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन संघांतून निघाला. त्या सालअखेर जुनेच नियम चालू राहिले. आणि २४ डिसेंबर २०२० रोजीं, म्हणजे मुदत संपण्यास एक आठवडा राहिला असतां, उभयतांचा करार झाला. जकात नाहीं व मालाच्या परिमाणावर मर्यादाही नाहीं, असें त्यांत ठरलें. सर्वांनीं सुटकेचा श्वास टाकला. परंतु जकात गेली तरी तिसरी पायरी, म्हणजे एकच कायदा, ही मोडलीच. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनहून आयर्लंडांत येणाऱ्या मालास जकातीचे कागद, व प्राणिज मालास पशुवैद्याचा दाखला जरूर झाला. त्या जानेवारी महिन्यांत ब्रिटनहून आयर्लंडांत आलेला माल आदल्या वर्षाच्या जानेवारीच्या मानानें शेंकडा ६५ नीं घटला. यांत आधींच्या महिन्यांत केलेल्या सांठ्याचा व साथीच्या रोगाचा भाग होता. तरी मोठा भाग कागदपत्रांचाच होता.

दुसरी अडचण माल मूळ कोठला या नियमाची. करारांतील माफी ब्रिटनमध्यें खरोखर पिकलेल्या किंवा तयार झालेल्या मालासच लागू आहे. आयर्लंडांत पाव भाजणाऱ्यांचें बहुतेक पीठ ब्रिटनच्या गिरण्यांतून येतें, व चांगला पाव फुगावा म्हणून त्यांत कानडा देशाचा कणखर गहूं मिसळलेला असतो. अशा परक्या गव्हाचें प्रमाण शेंकडा १५ हून अधिक झालें, तर त्या पिठावर टनास १७२ यूरो जकात लागूं लागली. गहूं तोच, गिरणी तीच, पाव तोच. केवळ मधली रेघ बदलल्यामुळें खर्च वाढला.

उलट बाजूस ब्रिटननें आयर्लंडहून येणाऱ्या मालाची तपासणी लगेच सुरू केली नाहीं. आपल्याच लोकांस अन्न महाग पडेल या भीतीनें ती पुनःपुन्हां पुढें ढकलण्यांत आली, व जानेवारी २०२४ पासून ती टप्प्याटप्प्यानें अमलांत येऊं लागली. या दिरंगाईमुळें आयर्लंडच्या दूध व मांस विकणाऱ्यांस तीन वर्षांची सवड मिळाली. परंतु ही सवड शेजाऱ्याच्या सोयीनें मिळालेली होती. तिजवर कोणाचा हक्क नव्हता. पुढें १९ मे २०२५ रोजीं लंडन येथील बैठकींत वनस्पति व पशु यांच्या आरोग्याविषयीं उभयतांनीं पुन्हां समान नियमांचा करार करण्याच्या दिशेनें पाऊल टाकण्याचें ठरविलें. जी भिंत पाडावी लागते ती बांधण्यांत काय मिळविलें, असा प्रश्न तेथील पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनांत आला असल्यास नवल नाहीं.

५. बेण्याचा प्रश्न

आमच्या वाचकांना सर्वांत अधिक विचार करण्यासारखी बाब बटाट्याच्या बेण्याची आहे. बटाटा व आयर्लंड यांचा संबंध जगास ठाऊक आहे. १८४५ पासून करप्याच्या रोगानें बटाटा गेला व त्या दुष्काळांत सुमारे दहा लक्ष माणसें मेलीं. बटाट्याचें निरोगी बेणें थंड व वाऱ्याच्या प्रदेशांत चांगलें तयार होतें, कारण तेथें रोग पसरविणारा मावा कमी असतो. स्कॉटलंडचें बेणें त्याबद्दल प्रसिद्ध आहे, व आयर्लंडचे पुष्कळ बटाटेवाले तेंच आणीत. त्यामुळें आयर्लंडमधील स्वतःचा बेण्याचा धंदा हळूहळू आक्रसत गेला. विकत मिळतें तें घरीं कशास करा, असाच विचार लोकांनीं केला.

संघाच्या नियमाप्रमाणें बाहेरच्या देशांतून बटाट्याचें बेणें आंत घेण्यास सामान्यतः बंदी आहे. १ जानेवारी २०२१ रोजीं स्कॉटलंड हा बाहेरचा देश झाला, आणि त्या दिवसापासून स्कॉटिश बेणें बंद झालें. येथें जकातीचा किंवा दाखल्याचा प्रश्नच नव्हता. दार सरळ लागलें. मग आयर्लंडच्या सरकारास बेणें तयार करणाऱ्यांस सांठवणुकीच्या कोठ्या व यंत्रें यांकरितां मदत देऊन तो धंदा पुन्हां उभा करण्यास लागावें लागलें. परंतु बेण्याचा धंदा पैसे मंजूर झाले म्हणून एका हंगामांत उभा राहात नाहीं. त्यास निरोगी रान, अनुभवी हात व अनेक वर्षांची निवड लागते. जो देश आपलें बेणें दुसऱ्यावर सोंपवितो, तो आपल्या पुढील वर्षाच्या पिकाची किल्लीच दुसऱ्याच्या कमरेला अडकवितो.

६. मालाची वाट

आयर्लंड हें बेट आहे. युरोप खंडांत माल पाठविण्याची त्याची सर्वांत जवळची वाट ब्रिटनमधून जात असे. मालमोटार डब्लिनला जहाजावर चढे, होलीहेड बंदरांत उतरे, सर्व ब्रिटन ओलांडून डोव्हरला जाई व तेथून फ्रान्समध्यें पोंचे. या वाटेनें वीस तासांच्या आंत माल खंडावर जाई; सरळ समुद्रमार्गानें त्यास जवळ जवळ दुप्पट वेळ लागे. ताजें मांस, मासळी व दूध यांस वेळेचें मोल फार, म्हणून वर्षास सुमारे दीड लक्ष मालमोटारी ब्रिटनच्या वाटेनें जात.

ब्रिटन संघाबाहेर गेल्यावर ही वाट परक्याच्या अंगणांतून जाणारी झाली. माल बांधून, मोहोर लावून, कागद घेऊन नेतां येई. तरी नाक्यावर किती खोळंबा होईल याची शाश्वती नव्हती. तेव्हां आग्नेय किनाऱ्यावरील रॉसलेअर बंदराचें महत्त्व एकदम वाढलें. २०२१ च्या जानेवारीच्या आरंभींच तेथून फ्रान्समधील डंकर्क येथें नवीन जहाजें सुरू झालीं, व फ्रान्स आणि स्पेन येथील बंदरांकडे जाणाऱ्या फेऱ्या कित्येक पटींनीं वाढल्या. मार्ग लांब, पण खात्रीचा; व्यापाऱ्यांनीं तो पत्करला.

तरी जुनी वाट अजून किती महत्त्वाची आहे हें डिसेंबर २०२४ मध्यें दिसून आलें. वादळाच्या दिवसांत होलीहेड बंदरास इजा होऊन तें १६ जानेवारी २०२५ पर्यंत बंद राहिलें, व ऐन नाताळांत मालाची मोठी ओढाताण झाली. एक गिऱ्हाईक जसा धोक्याचा, तशी एक वाटही धोक्याची.

७. बेटावरील सरहद्द

आयर्लंडच्या प्रश्नांत एक गांठ अशी होती कीं ती व्यापाराच्या सुरीनें कापतां येण्यासारखी नव्हती. बेटाच्या दोन भागांमधील सरहद्द सुमारे ५०० किलोमीटर लांब असून तिजवर २०० हून अधिक रस्ते आहेत. १९९८ च्या करारानें उत्तरेकडील तीस वर्षांचा रक्तपात थांबला होता. त्या सरहद्दीवर पुन्हां नाके उभे करण्यास कोणीच तयार नव्हतें.

शेतीच्या दृष्टीनें पाहिलें तरी ती सरहद्द नुसती कागदावर होती. उत्तरेकडील दुधापैकीं सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे वर्षास ८० कोटी लिटरच्या आसपास दूध, दक्षिणेकडील कारखान्यांत जाऊन त्याचें लोणी, चीज व भुकटी होते. दरवर्षीं चार लक्षांच्या आसपास कोकरेंही उत्तरेकडून दक्षिणेस जातात. एकाच टाकींत दोहोंकडचें दूध मिसळतें. त्यांतील कोणता थेंब संघाचा व कोणता परका हें कोणीं व कसें ठरवावें?

शेवटीं असें ठरलें कीं, उत्तर आयर्लंडांत मालापुरते संघाचेच नियम चालावे व तपासणी ब्रिटन व बेट यांमधल्या समुद्रावर, म्हणजे बंदरांत, व्हावी. यामुळें उत्तरेकडील एका पक्षास आपण ब्रिटनपासून तोडले गेलों असें वाटलें, व त्या वादांत तेथील मंत्रिमंडळही दोन वर्षें बंद पडलें; फेब्रुवारी २०२३ मध्यें विंझर येथें नियम कांहीं सैल करण्यांत आले. परंतु दुधाचीं वाहनें थांबलीं नाहींत. उलट ब्रिटनहून येणारा माल अवघड झाल्यानें बेटाच्या दोन भागांतील व्यापार वाढला : २०२१ सालीं उत्तरेकडून दक्षिणेस आलेला माल शेंकडा ६५ नीं वाढून ३.९ अब्ज यूरो झाला, व दक्षिणेकडून उत्तरेस गेलेला शेंकडा ५४ नीं वाढून ३.७ अब्ज यूरो झाला. पाणी एका पाटांत अडलें म्हणजे दुसऱ्या पाटानें वाट काढतें, तसेंच व्यापाराचें आहे.

८. निभाव कसा लागला ?

एवढें सर्व होऊनही आयर्लंड बुडाला नाहीं. त्याचीं कारणें नीट पाहिलीं पाहिजेत.

पहिलें कारण संघबळ. सत्तावीस राष्ट्रांच्या संघानें वाटाघाटींत आयर्लंडच्या सरहद्दीचा प्रश्न सर्वांचा म्हणून धरला. सुमारे पन्नास लक्ष वस्तीचा देश ब्रिटनशीं एकट्यानें बोलला असता, तर १९३२ चीच पुनरावृत्ति होण्याचा संभव होता. नुकसानभरपाईसाठीं संघानें जो निधि काढला, त्यांतूनही सर्वांत मोठा वांटा, म्हणजे १ अब्ज यूरोंहून अधिक, आयर्लंडच्या नांवें मांडण्यांत आला.

दुसरें कारण पूर्वतयारी. चेडर हें मुख्यतः इंग्रजांच्या आवडीचें चीज. खंडावरचे लोक तें फारसें खात नाहींत. तेव्हां त्यांच्या आवडीचें चीज करण्याचे कारखाने काढण्याकडे दूधसंघ वळले. परंतु अशा एका कारखान्याचें काम न्यायालयांतील हरकतींमुळें कांहीं वर्षें लांबलें. यावरून समजावें कीं, मालाचें रूप पालटणें हें संकट आल्यावर करण्याचें काम नव्हे.

तिसरें कारण शेतकऱ्यांच्या जुन्या सहकारी संस्था. सर होरेस प्लंकेट यांच्या प्रयत्नानें १८८९ पासून तेथें सहकारी दूधशाळा निघाल्या व १८९४ सालीं त्यांची मध्यवर्ती संस्था झाली. आजचे मोठे दूधसंघ त्याच बीजापासून वाढलेले आहेत. परदेशांत नवा गिऱ्हाईक शोधणें, दाखल्यांसाठीं माणसें ठेवणें, भाव उतरला असतां तोटा सर्वांत वांटून घेणें, हीं कामें एकेकट्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतलीं नाहींत. अळंबीवाले विखुरलेले व लहान होते, म्हणून ते आधीं पडले. दूधवाले संघटित होते, म्हणून ते टिकले, असें म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

तथापि धोका अजून टळलेला नाहीं. खाद्यपदार्थांच्या निर्यातींत ब्रिटन हाच अद्याप आयर्लंडचा सर्वांत मोठा एकटा गिऱ्हाईक आहे. आणि तो आतां दुसऱ्यांशीं स्वतंत्र करार करूं शकतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांशीं केलेले त्याचे करार ३१ मे २०२३ पासून अमलांत आले. ऑस्ट्रेलियाच्या गोमांसास पहिल्या वर्षीं ३५,००० टनांपर्यंत जकातमाफी मिळाली व ती मर्यादा दहा वर्षांत १,१०,००० टनांपर्यंत वाढणार आहे. ज्या बाजारांत आयरिश मालास घरच्यासारखा मान होता, त्यांत आतां लांबचा व स्वस्त माल शेजारीं येऊन बसणार. हा तोटा एका दिवसांत दिसत नाहीं. तो झिरपत येतो.

९. आपण काय घ्यावें ?

आमच्या इकडील स्थिति निराळी आहे, हें उघड आहे. तरी नाशिककडील द्राक्षें युरोपांत जातात, व त्यांत नेदर्लंड्स व ब्रिटन हे मोठे गिऱ्हाईक आहेत. २०२१ पूर्वीं या दोहोंस औषधांच्या अंशाविषयीं एकच नियम होता. आतां दोन निरनिराळीं सरकारें ते नियम ठरवितात, व आज ते जवळ जवळ सारखे असले तरी उद्यां तसेच राहतील असें नाहीं. बागाईतदारानें फवारणीची वही लिहितांना कोणत्या बाजाराकरितां लिहितों आहों हें ठाऊक ठेवलें पाहिजे. कांद्याच्या बाबतींत तर दार आपल्याच बाजूनेंही लागतें, हें ८ डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंतच्या निर्यातबंदीनें दाखविलें आहे.

तेव्हां आयर्लंडच्या अनुभवांतून पुढील गोष्टी आमच्या सभासदांनीं ध्यानांत घ्याव्या :

(१) आपला माल किती खपतो एवढेंच न पाहातां तो शेवटीं कोणाच्या ताटांत जातो हें विचारावें. अडत्या गांवचा असला तरी गिऱ्हाईक परदेशचा असूं शकतो.

(२) निम्म्याहून अधिक माल एकाच बाजारांत जात असेल, तर चांगल्या वर्षींच दुसरा बाजार पाहून ठेवावा. वाईट वर्षीं दुसरा गिऱ्हाईक आपली अडचण ओळखून भाव पाडून मागतो.

(३) भाव परक्या चलनांत ठरत असेल, तर हुंडणावळीच्या उतारासाठीं सौद्यांत कांहीं तजवीज ठेवावी.

(४) जकात माफ झाली म्हणजे वाट मोकळी झाली असें समजूं नये. दाखला, तपासणी व वेळ यांचा खर्च आधीं मांडावा.

(५) बेणें, बियाणें व वाट यांसाठीं केवळ एकावर विसंबूं नये. घरचें बेणें कांहीं महाग पडलें तरी तें विम्याच्या हप्त्यासारखें समजावें.

(६) आणि हीं सर्व कामें संस्थेमार्फत करावीं. कारण सरकारच्या किंवा परदेशी व्यापाऱ्याच्या दारांत एकट्या शेतकऱ्याचा आवाज पोंचत नाहीं.

ब्रिटनमधील मतदारांनीं मत दिलें तेव्हां आयर्लंडच्या अळंबीवाल्याचा विचार त्यांच्या मनांत नव्हता. असण्याचें कारणही नव्हतें. शेजारी आपल्या शेताचें काय करील हें आपल्या हातीं नसतें. त्यानें बांध फोडला तर आपलें पाणी कोठून काढावें, हें मात्र पावसाळ्यापूर्वीं ठरवून ठेवणें आपल्या हातीं असतें, आणि तेवढें ज्यानें केलें त्याचें पीक वाहून जात नाहीं.